गुरुमुखी विद्येची मिरास

आपले संगीत कागदावर उतरत नाही, ही मराठी रसिकांची एक जुनी फुशारकी आहे. फुशारकी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. उणीव सांगताना माणसाचा आवाज थोडा तरी खाली येतो. हे वाक्य उच्चारताना मात्र तो चढतो. पाश्चात्यांचे गाणे लिहिलेले, म्हणून गोठलेले. आमचे त्या क्षणी जन्मणारे, म्हणून जिवंत. तिकडे वादक समोरच्या कागदाचा गुलाम, इकडे तो मैफलीचा राजा. हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की खरे की खोटे ते पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे.

माझे म्हणणे असे की या फुशारकीने आपले फार मोठे नुकसान केले आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या माणसाला जाणवत नाही, कारण ते त्याचे नाहीच. ते वाशिम, रिसोड, मानोरा, मंगरूळपीर येथल्या मुलांचे आहे. विद्या गुरुमुखी असावी हे ऐकायला छान. पण त्या गुरूचे मुख कोणत्या गावी असते, हे विचारायला नको काय? शहरातल्या शिष्याच्या घरापासून ते दोन बसथांब्यांवर असते. आमच्या मुलापासून ते एका रात्रीच्या प्रवासावर असते, आणि राहण्या-जेवण्याच्या खर्चापलीकडे असते. तेव्हा ‘लिहू नका, समोर बसून घ्या’ हा उपदेश म्हणजे ज्याच्याकडे समोर बसण्याची सोय आहे त्याची मिरासदारी आहे. गुरुभक्तीचा शालजोडा पांघरल्याने मिरासदारीची भक्ती होत नाही.

वाद करायचा तर उदाहरण नेमके हवे. ते प्रथम परक्या मुलुखातले घेतो आणि मग घरी परततो.

फर्नांदो सोर हा १७७८ साली बार्सिलोनात जन्मलेला गिटारवादक. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापले तेव्हा तो फ्रेंचांच्या बाजूला राहिला. त्यांची सत्ता कोसळल्यावर १८१३ साली त्याला देश सोडावा लागला. तो पुन्हा कधी परतला नाही. पॅरिस, लंडन, मॉस्को अशी भटकंती करून १८३९ साली तो पॅरिसातच वारला. लंडनच्या मुक्कामात, १८२१ साली, त्याची एक रचना छापून निघाली. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या १७९१ सालच्या संगीत नाटकातली एक छोटी चाल घ्यायची आणि तिच्यावर गिटारवर एकामागून एक रूपे बांधायची, एवढाच तिचा मामला. सोरच्या रचनांत हिचा क्रमांक नववा. रोमँटिक म्हणतात त्या युगाच्या उंबरठ्यावरची ही चीज आज जगात जेथे गिटार मन लावून शिकवतात तेथे सर्वत्र ठाऊक आहे.

ही चाल काही देवघरातली नव्हे. नाटकात पापागेनो नावाचा एक पारधी आहे. पाखरे धरून विकणारा, खाण्यापिण्याचा शौकीन. त्याला आणि नायिकेला बांधून नेण्यासाठी दुष्ट मोनोस्टाटोस आपले चाकर घेऊन धावून येतो. पापागेनो जवळची जादूची घंटिका वाजवू लागतो आणि काय चमत्कार! मारायला आलेली मंडळी दोर विसरून नाचू लागतात, नाचत-गातच पडद्याआड जातात. त्या नाचाची ही चाल. आपल्याकडे एखाद्या नाटकात विनोदी पात्राच्या तोंडी असावी आणि दुसऱ्या दिवशी गावभर शिटीवर ऐकू यावी, अशी.

सोरने तिचे काय केले? आरंभी एक संथ, गंभीर प्रस्तावना. जणू पुढे काही हसण्यासारखे येणारच नाही. मग मूळ चाल, साधी, दोन छोट्या भागांची. त्यानंतर तिची पाच रूपे. पहिल्यात चालीचे स्वर बारीक तुकड्यांत फुटून भरभर धावतात. दुसऱ्यात गंधार कोमल होतो आणि तीच नाचरी चाल एकदम उदास दिसू लागते. पुढे ती पुन्हा शुद्ध गंधारावर येते, निरनिराळे कपडे घालते, आणि शेवटच्या रूपात तिहेरी झपाट्याच्या गतीत शिरून समाप्तीच्या तुकड्यावर आदळते. चालीची लांबी, तिचे दोन भाग, तिच्या मुक्कामाच्या जागा हे सारे जवळजवळ जागच्या जागी. बदलते ते वरचे विणकाम. इंग्रजीत याला ‘व्हेरिएशन्स’ म्हणतात. मराठीत त्याला नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आमच्या तबलजीकडे तो केव्हाचा आहे: पलटा. कायदा बांधायचा, त्याच्याच बोलांची उलटापालट करून पलटे काढायचे, बाहेरचा बोल आत घ्यायचा नाही, खाली-भरी मोडायची नाही, आणि शेवटी तिहाईने समेवर यायचे. अहमदजान थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते. कायदा आणि पलटा म्हणजे काय, हे मराठी नाटकवेड्या प्रेक्षकाने त्यांच्या हातून ऐकले आहे. सोरने पाच पलटे आणि एक तिहाई लिहिली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता वाद्याकडे पाहा. त्या काळच्या युरोपात गिटारला मोठी प्रतिष्ठा नव्हती. दिवाणखान्यात गाण्याची साथ करणारे, आवाजाने दुबळे, हौशी लोकांचे वाद्य. पियानोपुढे आणि वाद्यवृंदापुढे तिची काय कथा! शिवाय चाल नाटकातली. म्हणजे हलके मानलेले वाद्य आणि हलकी मानलेली चाल. त्यातून दोनशे वर्षे टिकलेली वस्तू निघाली, आणि ती टिकली याचे पहिले कारण ती लिहिली व छापली गेली हे आहे. सोर वारला तेव्हा त्याची बोटे त्याच्याबरोबर गेली. त्या बोटांचा विचार मागे राहिला. १९२७ साली आंद्रेस सेगोव्हियाने ही रचना ध्वनिमुद्रित केली तेव्हा सोरला जाऊन अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. मधल्या काळात सोरला प्रत्यक्ष ऐकलेला माणूस उरला नसता तरी चालले असते. कागद उरला होता.

आता घरी येतो. हेच सारे आपल्याकडे झाले आहे. वाद्य पेटी, चाली नाटकाच्या.

गोविंदराव टेंबे (१८८१ ते १९५५) हे नाव मराठी वाचकाला सांगावे लागू नये. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला १९११ साली त्यांनी चाली दिल्या, उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी रंगभूमीवर आणला, बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी केली, भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ केली, आणि पेटी हे एकट्याने मैफल जिंकण्याचे वाद्य आहे, हे महाराष्ट्राला पटवले. त्यांच्यानंतर पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, अप्पा जळगावकर अशी थोर माणसे झाली. नाट्यपद पेटीवर घ्यावे, मुखडा मांडावा, त्याच चौकटीत जागा बदलाव्या, एकच ओळ कधी खर्जात, कधी तारात, कधी तुटक, कधी अखंड काढावी, लय वाढवावी आणि तिहाईने उतरावे, ही कला या मंडळींनी कळसाला नेली. सोरच्या कामात आणि यात जातीचा फरक नाही. फरक इतकाच की सोरची रचना बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत कोणताही मुलगा पुस्तक उघडून आज संध्याकाळी बसवू शकतो. आमच्या थोर पेटीवादकांचे एखाद्या पदावरचे पाच पलटे वाशिमच्या मुलाने कोणत्या पुस्तकाचे पान उघडून बसवावे?

नाट्यपदांच्या चालींची स्वरलिपी पुस्तकांत मिळते. ती बहुधा गाणाऱ्यासाठी असते. चाल म्हणजे कायदा झाला. पलटे कुठे आहेत?

येथे प्रतिपक्ष उठून म्हणेल, लिहिणार तरी कसे? आपल्या स्वरांना मींड आहे, कण आहे, श्रुती आहेत. त्या कागदाच्या चौकटीत मावत नाहीत. गायकाच्या बाबतीत हा आक्षेप मी अर्धाअधिक मान्य करतो. पण पेटीच्या बाबतीत? पेटीवर काय आळ होता ते आठवा. तिचे स्वर ठाम, एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली वाट नाही, म्हणून ती भारतीय संगीताला नालायक, हाच ना? आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ साली तिच्याविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ तिच्याविरुद्ध होते. १९४० साली रेडिओने तिला दाराबाहेर काढले. स्वराज्य आले तरी दार उघडले नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण केसकर तर मराठीच होते, पण त्यांच्या कारकिर्दीतही ती बंदी राहिली. १९७१ साली साथीपुरती ती सैल झाली. तीस वर्षांहून अधिक काळ ज्या दोषासाठी तिला शिक्षा झाली तो दोष असा की तिचे स्वर ठरलेले आहेत!

मग, सज्जनहो, ज्या वाद्याचे स्वर ठरलेले आहेत ते लिहायला सर्वांत सोपे नव्हे काय? तुम्ही तिला श्रुतींच्या नावाने बाहेर काढता, आणि तिचे काम लिहा म्हटले की पुन्हा त्याच श्रुतींच्या नावाने नकार देता. एकाच पुराव्यावर दोन उलट शिक्षा देणारे न्यायालय मी तरी दुसरे पाहिलेले नाही. गिटारच्या मानेवरही पडदे ठोकलेले असतात. सोरने त्या मर्यादेची तक्रार केली नाही, तिचा उपयोग केला.

दुसरा आक्षेप: लिहिले की गोठते. हे म्हणणाऱ्याने सोरची ही रचना चार वादकांकडून ऐकावी. कोणी प्रस्तावना गाळतो, कोणी ती लांबवतो. कोमल गंधाराचे रूप एकाच्या हाती रडते, दुसऱ्याच्या हाती नुसते विचारात पडते. कागद एकच, माणसे चार. आणि समजा एखाद्याने केवळ कागदाबरहुकूम निर्जीव वाजवले, तर दोष कागदाचा की वादकाचा? आपल्याकडे गुरूसमोर बसून घोकलेली तान वर्षानुवर्षे जशीच्या तशी ओकणारे कमी आहेत काय? ती तान कागदावर नव्हती, तरी गोठली. गोठण्याचा रोग मनाला होतो.

पाश्चात्यांचे ते सारे श्रेष्ठ आणि आपले अडाणी, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीतही मला बसवू नका. आपला ख्याल रागात वाढतो, एका चालीच्या चौकटीत नव्हे. त्याचा विस्तार सोरच्या पलट्यांहून वेगळ्या जातीचा आहे, आणि तो आयत्या वेळी सुचावा यातच त्याची शोभा आहे. मी बोलतो आहे ते बांधलेल्या वस्तूविषयी. पेटीवरचे नाट्यपद मैफलीत वारंवार वाजते, त्यातल्या जागा ठरत जातात, श्रोते त्या जागांची वाट पाहतात. जे बांधलेले आहे त्याला आयत्या वेळचे म्हणणे हा आळस झाला.

तिसरा आक्षेप आजचा आहे: ध्वनिमुद्रणे आहेत, मोबाइलवर सारे मिळते, मग लिहिता कशाला? ऐकायला मिळते हे खरे, आणि ते भाग्यच. पण ध्वनिमुद्रण काय झाले ते सांगते. कसे झाले ते सांगत नाही. द्रुत लयीत सरसर गेलेल्या जागेत अंगठा कोठे घातला, काळ्या पट्टीवर कोणते बोट होते, भाता कोठे धरला आणि कोठे सोडला, हे तेरा वर्षांच्या मुलाने कानाने कसे ओळखावे? सोरने १८३० साली पॅरिसमध्ये गिटारवादनाचे पुस्तक काढले. त्यात हात अमुक तऱ्हेने धरा इतके सांगून तो थांबत नाही. का, तेही सांगतो. तार नखाने छेडू नये, बोटाच्या मांसल भागाने छेडावी. अंगठा आणि पहिली दोन बोटे यांवर भिस्त ठेवावी, अनामिकेला क्वचितच बोलवावे, हे त्याचे मत आपल्याला आज ठाऊक आहे. पुढच्यांनी ते मोडले, नखेही वापरली. मोडायला आधी मत कागदावर असावे लागते. आमच्या पेटीवादकांच्या बोटांची मते आम्हाला ठाऊक नाहीत; म्हणून ती पाळताही येत नाहीत आणि मोडताही येत नाहीत.

आणि लिहिणे आपल्या परंपरेत बसत नाही, हे तर धडधडीत असत्य आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे मुंबईचे वकील. उस्तादांच्या दारी खेटे घालून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या आणि मराठीतून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध केले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढले ते स्वतःची स्वरलिपी घेऊन. या दोन विष्णूंना नावे ठेवणारी घराणी आपल्या शिष्यांना त्यांचीच पुस्तके वापरू देतात, हे आपण सगळे जाणतो.

वऱ्हाडच्या माणसाने तर हा आक्षेप ऐकूनही घेऊ नये. मराठी गद्याचा आरंभ आमच्या बाजूला, रिद्धपूरला झाला, तो कशातून? चक्रधरस्वामी बोलले, त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्या तोंडून मिळवून, तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ उभे केले. म्हाइंभट जर म्हणाले असते की स्वामींचे बोलणे गुरुमुखी, ते कागदावर गोठेल, तर आज मराठीची पहिली वाक्ये आपण कोठून आणली असती? आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या जैन मंदिरांतले ग्रंथभांडार घ्या. दहाव्या शतकात मान्यखेटला बसून पुष्पदंताने अपभ्रंशात काव्ये रचली. ती भाषा बोलणारे गेले, तिला आश्रय देणारे राष्ट्रकूट गेले. पण कोणीतरी नकला केल्या, कोणीतरी त्या बासनात बांधून जपल्या, आणि कारंजाच्या ग्रंथमालेत १९३१ साली त्याचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी संपादून छापले. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथल्या काव्यरीतीचे नाव राजशेखराने घेतले आहे. ते नावही आपल्याला लिहिलेल्या ग्रंथातून कळते. तोंडी परंपरेने गावाला त्यातले एक अक्षर सांगितले नव्हते.

मी शाळामास्तर आहे, म्हणून शेवटचा मुद्दा शाळेच्या दाराशी उभा राहून मांडतो. पेटी आमच्याकडे दुर्मीळ नाही. खेडोपाडी भजनी मंडळात ती आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरीबरोबर ती वाजते. शाळेत परिपाठाला ती कपाटातून निघते. वाद्य आहे, कान आहे, हौस आहे, लय तर रक्तातच आहे. नाही ती पुढची पायरी. मुलगा प्रार्थनेची चाल बसवतो, दोन भजने बसवतो, आणि मग थांबतो, कारण त्यापुढे काय वाजवायचे हे सांगणारे पान त्याच्या हाती नाही. त्याच वयाच्या परदेशी मुलाला गिटार शिकताना सोपे पलटे, मग अवघड पलटे, मग सोर, अशी जिन्याची पायरीन् पायरी छापलेली मिळते. मग आपण म्हणतो, ग्रामीण भागात प्रतिभा नाही. जिना काढून घेऊन वरच्या मजल्यावर कोणी येत नाही म्हणून हळहळण्याचा हा प्रकार आहे.

काय करायचे ते अगदी थोडे आहे. दहा नाट्यपदे घ्या आणि दहा भजनांच्या चाली घ्या. प्रत्येकीची चाल लिहा, तिच्यावर सोप्यापासून अवघडापर्यंत पाच पलटे आणि एक तिहाई बांधा. भातखंड्यांची लिपी वापरा. तिच्यात कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्राला वर उभी रेघ आणि सप्तकाला टिंब, यापलीकडे मुलाला काही शिकावे लागत नाही. स्वराखाली बोटांचे आकडे घाला. जाणत्या वादकांच्या ध्वनिमुद्रणांतून, त्यांच्या शिष्यांना विचारून, म्हाइंभटांसारखे घरोघर जाऊन हे मिळवा. ज्याचा पलटा त्याचे नाव वर छापा. मूळ चालींची परवानगी मागत बसण्याचेही कारण नाही. आपल्या कायद्याने कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. ‘मानापमान’ आज तुमचे-आमचे, सर्वांचे आहे. ते घेण्याइतका उत्साह आपल्यात नाही, याचे खापर कोणत्याही कायद्यावर फोडता येणार नाही.

हे काम विद्यापीठांनी करावे, अकादमींनी करावे, हे म्हणणे मला येते. पण त्यांची वाट पाहण्यात आणखी एक पिढी परिपाठाच्या चालीवर थांबेल. म्हणून माझी पहिली मागणी या अंकाच्या आणि इतर अंकांच्या संपादकांकडेच आहे. पुढच्या दिवाळीला राशिभविष्याची चार पाने कमी करा आणि त्या जागी एक नाट्यपद, पाच पलट्यांसह, बोटांच्या आकड्यांसह छापा. राशींचे भविष्य वर्षभरात खोटे ठरतेच. ही चार पाने एखाद्या मुलाच्या पेटीवर उघडून ठेवली जातील. आणि ज्यांना अजूनही वाटते की हे कागदावर उतरणार नाही, त्यांनी आपल्या गुरूकडून मिळालेला एकच पलटा लिहून दाखवण्याचा प्रयत्न करावा. उतरला नाही तर माझे म्हणणे मी मागे घेईन. उतरला तर त्यांनी तो स्वतःजवळ ठेवू नये. टपालाचे तिकीट लावून वाशिमला पाठवावा.